पाणीही हवं, डोंगरही हवा

प्रश्न : पुण्यात रोज वीसेक किलोमीटर रोड बाइक चालवते. तळं आणि डोंगर दोन्ही दिसतील असा एका दिवसाचा रस्ता सुचवाल का?

उत्तर : पानशेत. स्वारगेटहून जाऊन-येऊन सुमारे ८० किलोमीटर. डोणजे फाट्यावर बरीचशी गर्दी सिंहगडाकडे वळते. पुढे उजव्या हाताला खडकवासल्याचा जलाशय झाडांआडून दिसत-लपत राहतो, डावीकडे डोंगर. घाट म्हणावा असा चढ नाही, पण सपाटही नाही. छोटे चढउतार हळूहळू पाय मोडतात, म्हणून सुरुवातीला जोर लावू नका. पानशेत आणि वरसगाव ही धरणं शेजारीशेजारीच आहेत. १९६१ मध्ये फुटलं ते हेच पानशेत.

पावसाळ्यातला रविवार मात्र टाळाच. खडकवासला चौपाटीवर सायकल हातात धरून चालावं लागेल. टायर २८ मिलिमीटरचे असतील तर उत्तम, आणि हवा ठासून भरू नका.

सिंहगडाचा घाट याच दिवशी जोडायचा मोह होईल. चढ जेमतेम नऊ किलोमीटरचा, पण निर्दयी. मागे ३२ दातांची चकती नसेल तर तो वेगळ्या दिवसासाठी ठेवा.