गिअरचा दांडा का अडला?

चावी फिरवली, इंजिन सुरू झाले, ब्रेक दाबला. पण गिअरचा दांडा ‘पी’ या खुणेवरून हलेना! स्वयंचलित गिअरच्या मोटारीत असे झाले, की गिअरपेटीच गेली असे अनेकांना वाटते. दोष पुष्कळदा एखाद्या वितळतारेत, म्हणजे फ्यूजमध्ये असतो.

ही अडवणूक मुद्दाम केलेली आहे. अमेरिकेत ‘ऑडी ५०००’ मोटारी एकाएकी सुसाट सुटतात, अशी १९८६ साली ओरड झाली. बहुतेक वेळा चालकाचा पाय ब्रेकऐवजी अॅक्सिलरेटरवर पडला होता, असा निष्कर्ष तेथील सरकारी अहवालाने १९८९ मध्ये काढला. दरम्यान ब्रेक दाबल्याखेरीज दांडा सुटू नये, असे कुलूप त्या मोटारींत बसवण्यात आले होते.

त्याचे तत्त्व तुमच्या ओळखीचे आहे. ब्रेकच्या पेडलपाशी एक स्विच असतो. पेडल दाबताच मागचे तांबडे दिवे लागतात आणि बहुतेक मोटारींत त्याच स्विचच्या इशाऱ्याने दांड्याजवळच्या नालकुंतलाला प्रवाह मिळतो. ‘खट्’ आवाज होऊन अडसर मागे सरतो.

मग तपास कोठून सुरू कराल? दिव्यांपासून! मोठ्या माणसाला चालकाच्या जागी बसवा, हातब्रेक ओढा आणि बाजूला उभे राहून पाहा. एकही दिवा लागत नसेल, तर सगळे बल्ब एकदम जळाले असतील का? तसे क्वचितच घडते. म्हणून फ्यूज किंवा स्विच तपासा. दिवे लागतात, पण ‘खट्’ ऐकू येत नाही? मग पेडल दाबलेले असताना नालकुंतलाच्या टोकांशी व्होल्टमीटर लावा. सुमारे १२ व्होल्ट मिळूनही अडसर ढिम्मच, तर नालकुंतल बिघडले किंवा अडसर अडकला. काहीच मिळत नसेल, तर दोष अलीकडच्या तारांत किंवा नियंत्रकात आहे.

अनेक मोटारींत दांड्याशेजारी लहान झाकण असते. त्याखालची कळ दाबली की दांडा सुटतो. अडल्या वेळी सोय खरी. पण दिवे बंद असताना असेच रस्त्यावर जाणे घातक. तुम्ही ब्रेक दाबला, हे मागच्या ट्रकवाल्याला कळणार कसे?

उतारावर मात्र निराळाच प्रकार होतो. दिवे लागतात, ‘खट्’ही होते, तरी दांडा घट्टच. तेथे कुलूप निर्दोष असते. मोटारीचा भार गिअरपेटीतल्या खिटीवर आलेला असतो. मोटार उभी करताना आधी हातब्रेक ओढून, ब्रेकवरचा पाय उचलून मगच ‘पी’ लावावा, म्हणजे खिटीवर ताण येत नाही.