व्हेनिसची चित्रं : किती खरी, किती खोटी?

शिक्षक मित्रांनो, ‘इतिहासाची साधने’ शिकवताना मुलं हमखास विचारतात, “सर, जुनं चित्र म्हणजे त्या काळचा फोटोच ना?” या प्रश्नासाठी इटलीतलं व्हेनिस घ्या. उथळ खाजणातल्या शंभराहून जास्त बेटांवर वसलेलं, रस्त्यांऐवजी कालवे असलेलं हे शहर शेकडो वर्षं रंगवलं आणि लिहिलं गेलंय.

कार्पाच्चोने 15व्या शतकाच्या शेवटी रंगवलेल्या एका चित्रात रियाल्टो पूल लाकडी आहे. आजचा दगडी पूल 1591 साली पूर्ण झाला. म्हणजे जुना पूल बघायचा तर असं चित्रच हवं.

पण कानालेत्तो (1697–1768) आला की गोष्ट अवघड होते. त्याचं गिऱ्हाईक म्हणजे युरोप फिरायला आलेले श्रीमंत इंग्रज. त्यांना आठवण म्हणून घरी न्यायला देखणं शहर हवं होतं. मग तो इमारती थोड्या सरकवायचा, दोन जागांवरून दिसणारी दृश्यं एकाच चित्रात बसवायचा. एका चित्रात तर त्याने कधी बांधलाच न गेलेला पूल काढलाय! पल्लादिओ या वास्तुकाराचा तो आराखडा कागदावरच राहिला होता.

मग कानालेत्तो पुरावा म्हणून बाद? नाही, खरी गंमत इथेच आहे. कालव्याकाठच्या भिंतींवर भरतीचं पाणी पोचतं तिथवर शेवाळाचा हिरवट पट्टा असतो. कानालेत्तोने तो इमानदारीने रंगवला. इटलीतल्या शास्त्रज्ञांनी त्याच्या आणि त्याचा भाचा बेलोत्तो याच्या चित्रांतला पट्टा आजच्या इमारतींवरच्या पट्ट्याशी ताडून पाहिला. तो सुमारे 60 सेंटीमीटर वर सरकलेला निघाला. जमीन खचली, समुद्रही चढला. गिऱ्हाइकाला त्या शेवाळाशी काही देणंघेणं नव्हतं. बहुधा म्हणूनच ते जसंच्या तसं उतरलं असावं, असं मला वाटतं.

टर्नरकडे असं मोजमाप शोधू नका. तो तीनदा गेला आणि धुकं-उजेड घेऊन आला. मोनेचंही तेच, 1908 साली. उलट रस्किनने एकेक कमान, एकेक खांब मोजून ‘द स्टोन्स ऑफ व्हेनिस’चे तीन खंड (1851–53) लिहिले, कारण दुरुस्तीच्या नावाखाली जुनं काम नष्ट होईल ही त्याला धास्ती होती. आणि शेक्सपिअर? तो व्हेनिसला गेल्याचा पुरावाच नाही. त्याच्या व्यापाऱ्याच्या नाटकात रियाल्टोचा बाजार आहे, कर्ज आहे, कोर्ट आहे. कालवे जवळजवळ नाहीतच.

वर्गात कानालेत्तोचं एक आणि टर्नरचं एक चित्र शेजारी लावा. “कोणतं खरं?” असं विचारू नका. “पाणी किती चढलं हे कुणाला विचारायचं? आणि सकाळी हे शहर कसं दिसायचं, हे कुणाला?” असं विचारा. पालकांनो, घरी कानालेत्तोचं चित्र मोबाईलवर मोठं करून मुलांना तो हिरवा पट्टा शोधायला लावा. नंतर त्याच इमारतीचा आजचा फोटो काढून पाण्यालगतच्या पायऱ्या मोजू द्या.