घर की धर?

आमच्या वर्गातील एक मुलगी फळ्यावरचे 'घर' वहीत 'धर' असे उतरवून घेत असे. 'भात'चे 'मात' होई. उर्दू शाळेतील मुलांना ही अक्षरे नवीन, म्हणून मी तिला ती पन्नास-पन्नास वेळा लिहायला लावली. एके दिवशी तिने पुस्तकातून संपूर्ण उतारा लिहून आणला. त्यात एकही चूक नव्हती! तिचे मराठी कच्चे नव्हतेच. तिला फळा नीट दिसत नव्हता. शिक्षा मात्र तिच्या हाताला झाली होती.

मी विचारल्यावर ती हळूच म्हणाली, "सर, घरी माहीत आहे. पण दादी म्हणते, मुलीच्या जातीला चष्मा नको. म्हणून मी डोळ्यांचे व्यायाम करते."

दोन महिने ती रोज बुबुळे गोल फिरवत होती, तळहातांनी डोळे झाकून बसत होती आणि सकाळी सूर्याकडे टक लावून पाहत होती.

हे व्यायाम जुनेच आहेत. अमेरिकेतील डॉ. विल्यम बेट्स यांनी १९२० साली चष्म्याशिवाय नजर सुधारते, असे सांगणारे पुस्तक लिहिले. त्यांचे म्हणणे खरे ठरले नाही. ज्याला लांबचे दिसत नाही, त्याच्या डोळ्याचा गोळा बहुधा किंचित लांबट असतो. त्यामुळे वस्तूचे चित्र डोळ्याच्या मागच्या पडद्यावर न पडता त्याच्या अलीकडेच पडते. बुबुळे फिरवून गोळा आखूड होत नाही. चष्म्याचे भिंग ते चित्र पडद्यावर आणते. डोळे झाकल्याने थकवा जातो, नंबर जात नाही. सूर्याकडे पाहणे तर घातकच! पडदा भाजतो आणि भाजताना दुखतही नाही.

मग चांगल्या सवयी व्यर्थ आहेत का? मुळीच नाही. रोज दोन तास उघड्यावर खेळणाऱ्या मुलांना असा चष्मा लागण्याचा संभव कमी असतो. पुस्तक फूट-सव्वा फूट दूर धरावे. वीस मिनिटे वाचल्यावर अंगणातल्या लिंबाच्या झाडाकडे थोडा वेळ पाहावे. उजव्या हाताने लिहिणाऱ्याने उजेड डावीकडून घ्यावा, मग मजकूर उर्दू असो की मराठी. मोबाइल पाहताना आपण पापण्या मिटायलाच विसरतो, तेवढे लक्षात ठेवावे. शेवग्याचा पाला, गाजर, पपई यांमुळे रातांधळेपणा टळतो.

तिचे अब्बा लोखंडाच्या कारखान्यात काम करतात. ते दादीला म्हणाले, "अम्मी, भट्टीसमोर मी चष्मा लावतो. मग हिने का लावू नये?" जालन्यात श्री गणपती नेत्रालयासारखे डोळ्यांचे मोठे रुग्णालय असताना तपासणीसाठी दूर जायचीही गरज नव्हती. दादी दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनेच नातीला सुईत दोरा ओवायला बसवले.

परवा मी फळ्यावर घाईघाईने 'धान्य' लिहिले. शेवटच्या बाकावरून आवाज आला, "सर, 'ध'ची गाठ राहिली!"