कांचेच्या पेटींतील समुद्र

महाराष्ट्रांतील सर्वांत उंच शिखर कळसूबाई हें आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या सीमेवर आहे. समुद्र मात्र आपल्यापासून दूर, सह्याद्रीपलीकडे. तरी समुद्राचा एक मोठा नियम घरच्या खिडकीपाशीं बसून शिकतां येतो.

सन 1779 मध्यें इंगेनहाउझ नांवाच्या वैद्यानें दाखविलें कीं, पाण्यांतील हिरवी वनस्पति उजेडांत प्राणवायु सोडते. अंधारांत सोडीत नाहीं. पुढें लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन ह्या रसायनशास्त्रज्ञानें एका भांड्यांत दोन सोनेरी मासे व एक पाणवनस्पति ठेवली. मासे जगले; परंतु झाडाचीं पानें कुजून पाणी बिघडूं लागलें. तेव्हां त्यानें त्यांत गोगलगायी सोडल्या. त्यांनीं कुजका भाग खाल्ला व पाणी निवळलें. दोघांचा संसार चालावयास सफाई करणारा तिसरा लागला! लवकरच हा प्रयोग समुद्राच्या पाण्यावरही झाला, आणि 1853 सालीं लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत मत्स्यगृह उघडलें. मुंबईचें तारापोरवाला मत्स्यालय 1951 सालचें.

आतां कृति पाहूं. वीस लिटरची कांचेची पेटी घ्यावी. समुद्राच्या एका लिटर पाण्यांत सुमारें 35 ग्रॅम क्षार असतात; म्हणजे वीस लिटरांत 700 ग्रॅम. नुसतें खावयाचें मीठ चालत नाहीं, कारण समुद्रांत मॅग्नेशियम, कॅल्शियम वगैरेंचे क्षारही असतात. त्यांचें तयार मिश्रण बाजारांत मिळतें. तळाशीं वाळू घालून हिरवें समुद्रशेवाळ लावावें. पेटीस उजेड भरपूर असावा, पण दुपारचें ऊन लागूं देऊं नये. पुढें चार-सहा आठवडे थांबावें. प्राण्यांच्या मलांतून अमोनिया हें विष उत्पन्न होतें. त्याचें नायट्रेट करणारे सूक्ष्म जंतु वाळूंत वाढावयास इतका काळ लागतो. तें नायट्रेट शेवाळाचें खत होय. मग दोन-चार लहान समुद्री गोगलगायी सोडाव्या. अधिकांचा लोभ धरूं नये, कारण रात्रीं शेवाळही प्राणवायु वापरतें. प्रवाळ व समुद्रघोडे 1972 च्या वन्यजीव कायद्यानें संरक्षित आहेत. ते आणूं नयेत.

येथें माझी एक चूक सांगतों. एका एप्रिलांत वर्गांतल्या पेटीचें चार लिटर पाणी आटलें. मीं घाईनें तितकेंच खारें पाणी ओतलें. असें दोनदां केलें, आणि सर्व गोगलगायी मेल्या. वर्ग स्तब्ध झाला. एका मुलीनें हळूच विचारलें, “सर, वाफेबरोबर मीठ जातें का?” जात नाहीं! मीं फळ्यावर हिशेब मांडला: मूळचे 700 आणि नवे 140, मिळून 840 ग्रॅम, म्हणजे लिटरास 42. दुसऱ्या खेपेस 49. विष बाहेरून आलें नव्हतें. माझ्याच हातांनीं मीं तें घातलें होतें. तेव्हांपासून कांचेवर पाण्याची खूण करून आम्ही रोज गोडें, क्लोरीन नसलेलें पाणी खुणेपर्यंत भरतों.

पालकांनाही एक विनंती. मुलानें अशी पेटी मांडिली तर पहिले आठवडे ती रिकामी दिसेल, हंसूं नका. जें डोळ्यांस दिसत नाहीं, तेंच त्या वेळीं तयार होत असतें. काय घालावें ह्यापेक्षां काय घालूं नये व किती थांबावें, हें ज्यास कळलें त्याचा समुद्र टिकला.