मराठी बिल नीट छापायचंय? लायब्ररी सोर्सपासून बिल्ड करा, पण तपासल्याशिवाय दुकानात नेऊ नका



व्हिडिओत कमांड स्क्रीनवर दाखवल्या आहेत. इथे त्यांचा क्रम आणि त्यामागचं कारण लिहून देतोय, म्हणजे काम करताना शेजारी उघडून ठेवता येईल.

समजा, चुडाव्यात एक कृषी सेवा केंद्र आहे. गाव पूर्णा तालुक्यातलं, पूर्णा–नांदेड रेल्वेमार्गावरचं. दुकानदार तुम्हाला म्हणतो, "शेतकऱ्याला वाचता येईल असं बिल पाहिजे, मराठीत." तुम्ही बिलिंगचं सॉफ्टवेअर करून दिलं. पहिलं बिल निघालं, तर पत्त्यात 'पूर्णा'च्या जागी 'पूर्‌णा', आणि 'किलो'मधली वेलांटी 'क' सोडून 'ल'ला चिकटलेली. बिल हातात घेऊन शेतकरी काय म्हणेल? "तालुक्याचं नाव नीट येत नाही, मग हिशोब तरी बरोबर आहे का?" आकडे बरोबर असूनही विश्वास गेला, आणि त्याच्याबरोबर तुमचं पुढचं कामही.

असं का होतं?

कॉम्प्युटर 'पूर्णा' हा शब्द सहा तुकड्यांत साठवतो: प, दीर्घ उकार, र, हलन्त, ण, काना. रफार 'ण'च्या डोक्यावर न्यायचा, वेलांटी अक्षराच्या आधी काढायची, हे काम वेगळी लायब्ररी करते. त्यातली सगळ्यात जास्त वापरली जाणारी म्हणजे हार्फबझ. अँड्रॉइड, क्रोम, फायरफॉक्स, लिबरऑफिस, सगळीकडे तीच आहे. नाव फारसीवरून आलंय: हर्फ म्हणजे अक्षर, बाझ म्हणजे उघडं.

एक गोष्ट लक्षात ठेवा. हार्फबझ कोणतं चिन्ह कुठे बसवायचं ते सांगते. स्वस्त थर्मल प्रिंटरमध्ये बहुतेक वेळा देवनागरी नसतेच, म्हणून आपण बिलाचं चित्र बनवून पाठवतो. नेहमीच्या 58 मिमी प्रिंटरवर त्या चित्राची रुंदी 384 ठिपके असते.

बिल्ड करायची गरज आहे का?

उबंटूमध्ये हार्फबझ तयार मिळते. तिने काम भागत असेल तर तीच घ्या, उगाच उद्योग नको. सोर्सपासून बिल्ड करायची दोन खरी कारणं आहेत. एक, तुम्हाला नडणारी चूक नव्या आवृत्तीत दुरुस्त झालीय. दोन, सगळ्या गिऱ्हाइकांकडे एकच आवृत्ती ठेवायचीय, म्हणजे एका दुकानात चालतं आणि दुसऱ्यात नाही, अशी भानगड होत नाही.

पायऱ्या

1. सोर्स घेताना प्रसिद्ध झालेली ठरावीक आवृत्तीच घ्या. रोज बदलणारा कोड दुकानात लावायचा नाही. आवृत्तीचा नंबर वहीत लिहा.

2. आधी साहित्य जमवा: सी++ कंपायलर, मेसन, निंजा, आणि फ्रीटाइप, ग्लिब व कैरो यांच्या डेव्हलपमेंट फाइल्स.

3. मेसन सेटअप चालवा. शेवटी एक यादी येते: काय सापडलं, काय नाही. ही यादी वाचाच. ग्लिब नसली तरी बिल्ड बिनबोभाट पूर्ण होते, पण तपासणीची साधनं तयारच होत नाहीत. कैरो नसेल तर चित्र काढणारं एचबी-व्ह्यू मिळत नाही.

4. कंपाइल करा, मग मेसन टेस्ट. निकालात 'फेल' शून्य आहे का ते बघताच, पण 'स्किप्ड'ही बघा. स्किप्ड म्हणजे पास नव्हे, ती तपासणी झालीच नाही.

5. इन्स्टॉल वेगळ्या फोल्डरमध्ये करा. सिस्टिमची जुनी हार्फबझ पुसू नका, तिच्यावर बाकीचे प्रोग्रॅम चालतात. नंतर एलडीडी कमांडने बघा की तुमचा प्रोग्रॅम नक्की कोणती फाइल उचलतोय. पुष्कळ जण नवी बिल्ड करतात आणि चालवत जुनीच असतात.

खरी परीक्षा: तुमच्या दुकानाचे शब्द

लायब्ररीच्या टेस्ट पास झाल्या म्हणजे लायब्ररी ठीक. तुमचं बिल ठीक आहे का, ते तुम्हालाच बघायचंय. दुकानदाराकडून खरी मालाची यादी घ्या आणि त्यातून वीस-पंचवीस अवघड शब्द काढा:

- रफार: पूर्णा, खर्च
- ऱ्य, ऱ्ह: शेतकऱ्यांसाठी, कुऱ्हाड
- वेलांटी: किलो, लिटर, मिरची
- जोडाक्षर: ट्रॅक्टर, क्विंटल
- इंग्रजी उच्चार: ऑइल, बॅग

एचबी-व्ह्यूने प्रत्येक शब्दाचं चित्र काढा आणि शुद्धलेखन पक्कं असलेल्या माणसाला दाखवा. सगळं बरोबर म्हटल्यावर एचबी-शेपने येणारे चिन्हांचे नंबर एका फाइलमध्ये जपून ठेवा. पुढे आवृत्ती बदलली की तीच यादी पुन्हा चालवायची आणि दोन्ही फाइल्स जुळवायच्या. हार्फबझच्या स्वतःच्या बऱ्याच टेस्ट अशाच आहेत: हा मजकूर, हा फॉन्ट, हा अपेक्षित निकाल. फॉन्टची फाइलही तीच ठेवा. फॉन्ट बदलला की नंबर बदलतात.

दोन चुका लायब्ररीच्या माथी मारू नका. 'शेतकर्यां' असा रफार आला तर बहुधा टाइप करताना 'ऱ'च्या जागी साधा 'र' पडलाय. आणि जुनी यादी युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये असेल, तर ती आधी युनिकोडमध्ये आणावी लागेल. ठिपक्यांचं गोल दिसलं तर समजा, अक्षरांचा क्रम चुकलाय.

धंद्याचा हिशोब

हार्फबझचा परवाना तुम्हाला तुमचं सॉफ्टवेअर विकू देतो, फक्त त्यातली हक्काची सूचना सोबत ठेवायची. लोहित देवनागरीसारखा खुला फॉन्ट सॉफ्टवेअरबरोबर देता येतो, नुसता फॉन्ट मात्र विकता येत नाही.

लायब्ररी फुकट आहे, तुमचा वेळ नाही. म्हणून कोटेशनमध्ये तीन ओळी वेगळ्या लिहा: बसवणी, दुकानाच्या शब्दांची तपासणी, आणि आवृत्ती बदलताना फेरतपासणी. बिल्डच्या पायऱ्या शेजारचा मुलगाही व्हिडिओ बघून करेल. त्या दुकानाची तपासलेली यादी मात्र फक्त तुमच्याकडे असेल. गिऱ्हाईक पैसे देतो ते त्याचेच.

गृहपाठ: आपल्या गावातल्या एका दुकानाचं बिल घ्या, त्यातून दहा अवघड शब्द काढा आणि तपासणीची पहिली फाइल आजच तयार करा. बिल्ड उद्या केली तरी चालेल.