नकाशापूर्वीची भाषा : गृहशिक्षणातील स्थानिक भूगोल आणि वाल्डॉर्फ पद्धती

शालेय भूगोलाचा विचार भारतीय साहित्याच्या अभ्यासकांपुढे का मांडावा, असा प्रश्न आरंभीच उपस्थित होणे स्वाभाविक आहे. ज्या वयात स्थानिक भूगोल मुलाला प्रथम भेटतो, त्या वयात तो बव्हंशी शब्दांचा विषय असतो, हे त्याचे उत्तर. ओहोळ, ओढा, नाला, वहाळ यांतील भेद ज्याला ठाऊक आहे, त्याने वाहत्या पाण्याचे पुष्कळसे शास्त्र शब्दांबरोबरच आत्मसात केलेले असते. नकाशा मागाहून येतो. हा शब्दसंग्रह मुलाला कोणी, कोणत्या क्रमाने आणि मुख्य म्हणजे कोणत्या भाषेत द्यावयाचा, हा प्रश्न घरीच शिकणाऱ्या मुलांच्या बाबतीत विशेष तीव्रतेने उभा राहतो. प्रस्तुत लेखात वाल्डॉर्फ पद्धतीच्या अनुषंगाने त्याचाच विचार करावयाचा आहे.

स्टुटगार्ट येथे १९१९ साली एमिल मोल्ट यांच्या वाल्डॉर्फ-अ‍ॅस्टोरिया सिगारेट कारखान्यातील कामगारांच्या मुलांसाठी पहिली वाल्डॉर्फ शाळा निघाली. ती उघडण्यापूर्वी रुडॉल्फ स्टायनर यांनी भावी शिक्षकांपुढे जी व्याख्याने दिली, त्यांत भूगोलाला अनपेक्षित महत्त्वाचे स्थान आहे. नवव्या वर्षापर्यंत मूल आपल्या भोवतालाशी एकरूप असते, तोवर त्याला झाडाझुडपांच्या, दगडधोंड्यांच्या बोलक्या गोष्टी सांगाव्यात. त्यानंतर मात्र त्याच्या परिचयाचाच प्रदेश वरून पाहिल्यासारखा त्याच्यासमोर काढावा, असे त्यांचे प्रतिपादन आहे. नदी निळी, कुरण हिरवे, फळबागांत झाडे झाडांसारखीच. चित्रातून नकाशाकडे जाण्याची ही वाट आहे. गाव येथेच का वसले, रस्ता तेथेच का वळला, हे प्रश्न त्यातून निघतात, आणि मग डोंगर, खनिजे, उद्योगधंदे असा विस्तार होत जातो. छापील पाठ्यपुस्तक नसते. काल ऐकलेले व पाहिलेले आज आठवून सांगावयाचे आणि स्वतःच्या वहीत लिहून-रंगवून आपले पुस्तक आपणच तयार करावयाचे, अशी रीत असते.

चित्रातून नकाशाकडे जाण्याचा हा क्षण साहित्याला अपरिचित नाही. सेल्मा लागरलॉफ यांची निल्स होल्गरसनची कथा (१९०६-०७) मुळात स्वीडनच्या शाळांसाठी भूगोलाचे वाचनपुस्तक म्हणून लिहवून घेतलेली होती. हंसाच्या पाठीवरून निल्सला खालची शेते चौकड्यांच्या कापडासारखी दिसतात. नकाशा हा शब्दही न उच्चारता लेखिकेने मुलाच्या हाती नकाशा ठेवला, तो केवळ एका उपमेच्या बळावर.

ज्याला जर्मन परंपरा ‘हाइमाटकुंडे’, म्हणजे आपल्या मुलखाचे ज्ञान, म्हणते तो विषय स्टायनरांहून जुना आहे. कोमेनियसने सतराव्या शतकातच टेकडी, दरी, नदी, गाव यांची ओळख आईजवळच्या शिक्षणात घातली होती. पण ‘हाइमाट’ हा शब्द निर्मळ राहिला नाही. नाझी राजवटीने मुलखाच्या प्रेमाला रक्त आणि मातीच्या पूजेचे रूप दिले. स्टुटगार्टची शाळा १९३८ मध्ये बंद पडली, तरी ‘हाइमाटकुंडे’ हा विषय इतर शाळांतून त्या राजवटीच्या सेवेस लागला होता. १९७० च्या सुमारास पश्चिम जर्मनीतील प्राथमिक शाळांनी हे नावच टाकून वस्तुनिष्ठ परिसर-अध्ययनाचा अंगीकार केला. आपल्याकडे ही पद्धती उत्साहाने स्वीकारणाऱ्या मंडळींना हा इतिहास बहुधा सांगितला जात नाही. तो सांगावयास हवा.

आता गृहशिक्षणाकडे वळू. वाल्डॉर्फ वर्गात मुलाचा पहिला नकाशा बहुधा घरापासून शाळेपर्यंतच्या वाटेचा असतो. वर्गात तीस मुले असतील तर तीस वाटा एकाच दाराशी येऊन मिळतात. कोणाच्या नकाशात विहीर डावीकडे तर कोणाच्या उजवीकडे असते, आणि त्या वादातूनच दिशेची व मापाची गरज उत्पन्न होते. घरी शिकणाऱ्या मुलाला ही वाटच नाही. हा तपशील क्षुल्लक वाटेल. पण संपूर्ण पद्धतीचा पायाच येथे निखळतो. एका मुलाचा नकाशा आणि आईचा होकार एवढेच उरले, तर मापाचा प्रश्न कधी निघतच नाही.

उत्तर दिल्लीतील एका मराठीभाषक कुटुंबात नऊ वर्षांच्या मुलीचे असे शिक्षण काही आठवडे जवळून पाहण्याची संधी मला मिळाली. आईच्या हाती अमेरिकेत तयार झालेली इंग्रजी मार्गदर्शिका होती. तीत पानगळ शरदात होती, हिवाळ्यात बर्फ होते आणि पहिल्याच पाठात शाळेची वाट होती. दिल्लीत पिंपळ आणि कडुनिंब पाने टाकतात ते शिशिर सरून वसंत येताना. दुर्गा भागवतांचे ‘ऋतुचक्र’ (१९५६) ज्या घरातील कपाटात आहे, त्या घरात ऋतूंचे मेज परक्या हवामानानुसार मांडले जावे, याचे मला प्रथम आश्चर्य आणि मग थोडे दुःख वाटले. आईंनीही ते लवकरच उचलले. शाळेच्या वाटेऐवजी त्यांनी दूधकेंद्राची वाट घेतली, आणि तेथून काम खऱ्या अर्थाने सुरू झाले.

दूधकेंद्रापासून टेकडी दूर नव्हती. विद्यापीठालगतचा उत्तरेकडील ‘रिज’ हा अरवलीचा शेवटचा पदर. क्वार्टझाइट जातीच्या कठीण खडकाचा हा कणा वझिराबादजवळ यमुनेला भिडतो. मुलीने माती मळून तो कणा घडविला, दुसऱ्या बाजूस नदीची खाच पाडली, आणि या दोहोंच्या मधल्या त्रिकोणातच इतकी राज्ये एकामागून एक का वसली, हे तिचे तिलाच उमगले. एकीकडे आधाराला खडक आणि दुसरीकडे पाणी! हा पाठ कोणत्याही मार्गदर्शिकेत नव्हता.

पुढे नजफगढचा नाला. वझिराबादच्या बंधाऱ्याखाली तो यमुनेस मिळतो. ‘नाला एवढा रुंद कसा?’ असे मुलीने विचारले. राजस्थानच्या टेकड्यांतून निघून हरियाणातून येणारी साहिबी नदी नजफगढच्या झिलेत उतरे आणि तेथून यमुनेकडे जाई. आज त्याच मार्गाला सारे शहर नाला म्हणते. नाव बदलले की नदी विसरली जाते, एवढी गोष्ट एका प्रश्नातून निघाली. स्थलनामांच्या अभ्यासकांना हे नवे नाही. नऊ वर्षांच्या मुलीला मात्र ती मोठी घटना होती, आणि तिने आपल्या वहीत ‘साहिबी’ हे नाव निळ्या अक्षरांत लिहिले.

खरा पेच शब्दांचाच होता. दिल्लीच्या जुन्या महसुली भाषेत येथील भूमीचे कोही, बांगर, खादर आणि डाबर असे भाग पडतात : खडकाळ पट्टा, उंचावरील सपाट जमीन, नदीकाठची पुराच्या पाण्याची जमीन आणि पाणी साचणारा सखल भाग. खादरासाठी मराठीत ‘मळई’ हा सुंदर शब्द आहे. बांगराला तितका चपखल शब्द सापडत नाही. ‘माळ’ म्हटले की डोळ्यांपुढे दख्खनचे उजाड, मुरमाड पठार उभे राहते. मग मराठी घरातील मुलीने काय म्हणावे? माझे मत स्पष्ट आहे : स्थानिक भूगोलाची भाषा ही त्या स्थळाची भाषा असली पाहिजे. महाराष्ट्राबाहेर वाढणाऱ्या मराठी मुलाला सह्याद्री आणि गोदावरी आईने गोष्टींतून द्यावी, अवश्य द्यावी. पण नकाशावर मात्र त्याच्या पायाखालची जमीन तिच्या स्वतःच्या नावाने यावी. वडोदऱ्याचे मराठी मूल विश्वामित्री नदीचे शब्द गुजरातीतून घेईल, तंजावरचे कावेरीचे शब्द तमिळमधून. त्याने मराठी उणी होत नाही. या घरात तर लिपीही आड येत नव्हती. मराठी वाक्यात ‘खादर’ सहज बसला.

मराठीला या रीतीचा स्वतःचा वारसाही आहे. चौदाव्या शतकातील मानली जाणारी महानुभावांची ‘स्थानपोथी’ चक्रधरांच्या वास्तव्याने पावन झालेली स्थळे नोंदविते. गावाच्या कोणत्या दिशेस देऊळ, त्याचे दार कोणीकडे, ही तिची भाषा. रेषा एकही नाही. वाचणाऱ्याला ती चालवीत नेते. याउलट महाराष्ट्रातील कित्येक पिढ्यांनी तिसरीत जो ‘जिल्ह्याचा भूगोल’ पाठ केला, तो सीमा आणि तालुक्यांच्या यादीने बांधलेला होता. मूल जेथे उभे आहे ते ठिकाण त्यात शोधूनच काढावे लागे. वाल्डॉर्फ पद्धतीने स्थानपोथीचीच वाट पुन्हा दाखविली, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. तरी जर्मन पुस्तकाकडे वळण्यापूर्वी आपण ही पोथी उघडून पाहावयास हरकत नव्हती.

स्टायनरांविषयीचे आक्षेप येथे लपविण्याचे कारण नाही. वंशांविषयीची त्यांची काही विधाने निषेधार्ह आहेत, आणि बालविकासाचे त्यांचे टप्पे त्यांच्या गूढवादातून आलेले आहेत, प्रयोगातून नव्हे. जेम्स ब्लाउट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार सहा वर्षांच्या सुमाराची मुलेही हवाई छायाचित्रे वाचू शकतात. तेव्हा नवव्या वर्षाचा उंबरठा अढळ मानण्याचे प्रयोजन नाही. चित्रातून नकाशाकडे हा क्रम मात्र त्या गूढवादावाचूनही उभा राहू शकतो.

वर्गातल्या वादाची उणीव कशी भरून काढावी, हे त्या घरातील अनुभवावरून सांगतो. आईंनी मुलीला खादरात भाजी पिकविणाऱ्या एका वृद्ध शेतकऱ्याकडे नेले. १३ जुलै २०२३ रोजी जुन्या लोखंडी पुलापाशी यमुनेने २०८.६६ मीटरची पातळी गाठली; १९७८ चा २०७.४९ मीटरचा उच्चांक मोडला आणि पाणी लाल किल्ल्याच्या परिसरापर्यंत आले. शहराने त्याला आपत्ती म्हटले. शेतकरी म्हणाला, नदी आपल्या खादरात आली होती. त्याचेही पीक त्यात गेले होते.

मुलीच्या नकाशात नदीचा काठ अर्धवट राहिलेला पाहून आईंनी तेथे एक रेघ ओढण्यास सांगितले. ‘कोणत्या वर्षाची?’ असे तिने विचारले. मग दोघींनी मिळून दोन रेघा काढल्या, एकीवर १९७८ आणि दुसरीवर २०२३ लिहिले, आणि तिसरीसाठी जागा सोडली.