टॅबवर मांडलेला संसार

मी भाषांतरं करते आणि दुसऱ्यांची हस्तलिखितं संपादित करते. जुना लॅपटॉप फारच कुरकुरायला लागला तेव्हा नवा घेण्याऐवजी मी टॅबलेट घेतला. त्याच्या जोडीला कळफलक आणि पेन घेतलं आणि घरात जाहीर करून टाकलं की आता एवढ्यावरच भागवायचं. लॅपटॉप मात्र टाकला नाही. कपाटात साड्यांच्या खाली ठेवला, म्हणजे माझा स्वतःच्या घोषणेवर किती विश्वास होता ते बघा. या प्रयोगातून हाती लागलेल्या या काही गोष्टी. तुमचं काम वेगळं असेल, तर तुमची यादीही वेगळी होईल.

१. मी लिहिते कमी आणि वाचते जास्त. ‘दिवसभर लिहीत असते’ असं मी वर्षानुवर्षं ऐटीत सांगत आले. टॅबनं ते उघडं पाडलं. दिवसाचा मोठा वाटा हस्तलिखितं, प्रुफं, मूळ पुस्तकं आणि मेल वाचण्यातच जातो, आणि या कामात लॅपटॉप टॅबच्या जवळपासही येत नाही. प्रुफाची पीडीएफ उघडायची, पेननं ऱ्हस्वाचं दीर्घ करायचं, गळलेला शब्द ओळीत बसवायचा, समासात ‘वाक्य लंगडतंय’ असं खरडायचं. लॅपटॉपवर दर दुरुस्तीला टिपणाची चौकट उघडत बसावं लागायचं. आता शिवनेरीत बसून पुण्याहून दादरला पोचेपर्यंत एखादं प्रकरण हातावेगळं होतं.

२. कळफलक जोडला की हलकेपणाचा रुबाब उतरतो. १२.९ इंची आयपॅड प्रो साधारण साडेसहाशे ग्रॅमचा. त्याला ॲपलचाच मॅजिक कीबोर्ड लावला की जोडी साडेतेराशेच्या आसपास जाते. त्याच कंपनीचा २०२२ चा मॅकबुक एअर १.२४ किलोचा आहे. माझी जोडी यापेक्षा स्वस्तातली, पण गणित तेच. शिवाय खाटेवर मांडी घालून टाइप करायला बसलं की टॅबची मान मागे कलते. मग पैसे कशाचे मोजले? कळफलक खटकन सोडवून बाजूला ठेवता येतो, त्याचे. तसा मी तो किती वेळा सोडवते, हे विचारू नका. पण सोडवता येतो हे माहीत असणं मला आवडतं.

३. टॅब अशक्त आहे म्हणून मागे पडतो, ही माझी समजूत खोटी निघाली. ॲपलची एम-१ चिप २०२० मध्ये मॅकबुक एअरमध्ये आली आणि पुढच्याच वर्षी तीच चिप आयपॅड प्रोमध्ये बसली. ताकद सारखी, पण मुभा सारखी नाही. आयपॅड आला २०१० मध्ये. ट्रॅकपॅड नीट चालायला २०२० उजाडलं, साधा कॅल्क्युलेटर २०२४ मध्ये मिळाला आणि खिडक्या हव्या तशा लहानमोठ्या करायची सोय तर २०२५ ची. इतका उशीर तंत्रज्ञानामुळे झाला असेल, असं मला वाटत नाही. दोन्ही वस्तू एकाच दुकानात विकायच्या असल्या की एकीनं दुसरीचं गिऱ्हाईक पळवू नये याची काळजी दुकानदार घेणारच. कुठलंही यंत्र विकत घेताना ते काय करू शकतं एवढंच मी पाहायचे; त्याला काय करू दिलं जातं, हा प्रश्न मला सुचलाच नव्हता.

४. गैरसोयीचंही व्यसन लागतं. भाषांतर करताना मूळ पुस्तक, शब्दकोश, माझा मजकूर आणि एखादा संदर्भ असा पसारा मला डोळ्यांसमोर लागायचा. टॅबच्या पडद्यावर दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की तिसरीला दाटी होते. सुरुवातीला चिडचिड झाली. मग मी आधी परिच्छेद सलग वाचायला लागले, अडलेल्या शब्दांवर खूण करून पुढे जायला लागले आणि कोश शेवटी एकदाच उघडायला लागले. वाक्यं जरा मोकळी उतरायला लागली. याचं श्रेय टॅबला द्यायचं की नाइलाजाला, हे अजून ठरलेलं नाही. सूची करायची किंवा तळटीपा जुळवायच्या असल्या की मात्र हे सगळं तत्त्वज्ञान गळून पडतं आणि मोठा पडदा आठवतो.

५. माझी खरी अडचण मराठी छापखान्यात निघाली. एका मुद्रकानं जुन्या पुस्तकाची फाइल पाठवली. टॅबवर उघडली तर रोमन अक्षरं, टिंबं आणि कंसांची खिचडी. युनिकोड सगळीकडे रुळण्याआधी आपलं बहुतेक मराठी श्रीलिपी, आकृती किंवा सी-डॅकच्या आयएसएमसारख्या सॉफ्टवेअरमधल्या फाँटांत बसवलं जायचं. त्या फाइलीत मराठी अक्षरं नसतातच. असतात ते भलतेच संकेत, आणि फाँट त्यांना देवनागरीचा मुखवटा चढवतो. फाँट नसला की मुखवटा गेला. त्यात पुस्तक पेजमेकरमध्ये लावलेलं असेल तर बघायलाच नको. २००१ मध्ये आलेल्या सातव्या आवृत्तीनंतर ज्याची नवी आवृत्ती निघाली नाही, ते सॉफ्टवेअर काही छापखान्यांत अजून निष्ठेनं चालतं. त्या रात्री साड्या उचलून लॅपटॉप बाहेर काढला. गंमत अशी की नवा मजकूर लिहायला टॅबसारखी सोय नाही. मराठी कळफलक आयता असतो, बोललेलं उतरवून घेतो, बोटानं गिरवलेलंही ओळखतो. पुढचं मराठी त्याला छान येतं, मागचं वाचता येत नाही.

६. आपला संगणक आपल्या एकट्याचा कधीच नसतो. माझा धाकटा भाऊ सीए आहे. त्याचं टॅली, मॅक्रो भरलेल्या एक्सेलच्या फाइली, डिजिटल सहीचा यूएसबी टोकन, हे सगळं विंडोज गृहीत धरून बांधलेलं. त्याच्या मॅक्रोवाल्या फाइली टॅबवरच्या एक्सेलमध्ये उघडतात, पण मॅक्रो हलत नाहीत. मी टॅबचे गोडवे गायला लागले की तो म्हणतो, “ताई, तुझं टॅबवर भागतं, कारण तुझ्या फायली बघायला कुठलं खातं येत नाही.” स्टीव्ह जॉब्ज २०१० मध्ये म्हणाले होते की संगणक पुढे ट्रकांसारखे होतील, राहतील, पण थोड्याच लोकांना लागतील. भावाला हे सांगितलं तर तो म्हणाला, “थोडे असू, पण तुमच्या सगळ्यांचा माल आम्हीच वाहतो.” यावर मला अजून उत्तर सुचलेलं नाही.

७. ‘टॅब लॅपटॉपची जागा घेईल का’ हा प्रश्न फक्त लॅपटॉपवाल्यांना पडतो. बिल गेट्स यांनी २००१ मध्ये भाकीत केलं होतं की पाच वर्षांत अमेरिकेत सगळ्यांत जास्त खपणारा संगणक टॅबलेटच असेल. तसं झालं नाही. आमच्या सासूबाईंना यातलं काही ठाऊक नाही. त्यांनी आयुष्यात माउस धरलेला नाही. माझा टॅब दुपारी त्यांच्याकडे असतो. वीजबिल भरणं, नातवाशी व्हिडिओवर बोलणं, पेपर मोठ्या अक्षरांत वाचणं, हे त्या करतातच. पण हल्ली लहानपणी ऐकलेल्या जात्यावरच्या ओव्या त्या टॅबला सांगून उतरवून घेतात. तो काहीच्या बाही लिहितो. “अगं, याला गावाकडचं मराठी शिकव जरा,” असं म्हणत त्या मला हाक मारतात आणि मी पेननं दुरुस्त्या करते. संगणकशास्त्रज्ञ ॲलन के यांनी १९७२ मध्ये पाटीसारख्या ‘डायनाबुक’ संगणकाची कल्पना मांडली तेव्हा घरगुती संगणक बाजारात यायचे होते. त्यांनी ती सर्व वयांच्या मुलांसाठी मांडली होती, आणि मुलांनी त्यावर नुसतं बघत न बसता काहीतरी घडवावं अशी त्यांची इच्छा होती. ती इच्छा आमच्या घरात पुरी करणारी व्यक्ती मी असेन, असं मला वाटलं होतं.

८. सल्ला देताना आता मी यंत्राबद्दल बोलतच नाही. ओळखीतलं कुणी ना कुणी विचारतं, “टॅब घेऊ की लॅपटॉप?” पूर्वी मी वजन, बॅटरी, किंमत असं व्याख्यान द्यायचे. आता उलट विचारते, “तुम्हाला फायली कोण पाठवतं, आणि तुमच्या कोणाकडे जातात?” समोरचा माणूस क्षणभर गोंधळतो, मग नावं घ्यायला लागतो: मुलीचं कॉलेज, बँक, सोसायटीचा हिशेब बघणारे काका, ऑफिसातला साहेब. चौथ्या-पाचव्या नावापर्यंत त्याचं त्यालाच ठरवता येतं, आणि मी व्याख्यानाचे श्रम वाचवून प्रुफांकडे वळते.